फॉरेन लँग्वेज म्हणे!

काल रात्री साडेनऊला माझ्या नव्या ई-बुक रीडरच्या ग्राहक सेवेतला पोरगा मला हिंदीतून सांगतो, ‘मॅडम, आपकी फाइल फॉरेन लँग्वेज में है.’ गोव्यात, फोंड्यात, स्वतःच्या बाल्कांवात म्हणजे घरासमोरच्या ओसरीवर बसून मी मराठी अभंग वाचतेय, आणि फॉरेन? कोणाला रे फॉरेन? देवनागरी ही इथल्या राजभाषेची, कोंकणीची लिपी आहे, गोव्याच्या 1987 च्या राजभाषा कायद्यात तसं लिहिलंय. हे त्याला सांगितलंसुद्धा. त्यानं मला होल्डवर टाकलं. अकरा मिनिटं बासरी.

आधी काय झालं ते बघा. पहिल्याच ओळीत विठ्ठल आला. म्हणजे आधी व आला, त्याच्यामागून ठिपक्यांच्या गोलावर बसलेली वेलांटी आली, मग पाय मोडलेला ठ, मग धड ठ, शेवटी ल. पाच तुकड्यांचा पांडुरंग! ज्ञानाचं तर ज आणि ञ असं वाटपच झालेलं.

भाचा म्हणाला, ‘मावशी, कॅलिबरमध्ये फॉन्ट आत घालून ईपब परत बनव.’ कॅलिबर म्हणजे ई-पुस्तकं बनवायचं सॉफ्टवेअर, ईपब म्हणजे ई-पुस्तकाची फाईल. बनवली. रात्री दोनपर्यंत बनवली. तुकडे तसेच. कारण दोष फॉन्टात नव्हताच. युनिकोडात, म्हणजे संगणकावर अक्षरं साठवायच्या जागतिक पद्धतीत, ऱ्हस्व वेलांटी अक्षरानंतर साठवलेली असते. ती उचलून अक्षराच्या आधी मांडायची, ठला ठ जोडायचा, हे काम रीडरचं. हा ठोंब्या ते करतच नाही. आणि जावेच्या जुन्या, निम्म्या किमतीच्या रीडरवर तीच फाईल सुरळीत उघडते! तेव्हा माझं डोकं खरं फिरलं.

पीडीएफचं नावच काढू नका. स्कॅन केलेलं पान सहा इंची पडद्यावर म्हणजे मुंग्यांची रांग. मोठं केलं की एका ओळीसाठी डावीकडे-उजवीकडे सरकवा, आणि प्रत्येक सरकवण्याला पडदा काळा होऊन डोळा मारणार. आणि युनिकोडाआधीच्या जुन्या फॉन्टांत टाइप केलेल्या त्या फाईली! उघडल्या की कीबोर्डवरून मांजर चालत गेल्यासारखी इंग्रजी अक्षरं. युनिकोडात देवनागरी 1991 पासून आहे हो, तेव्हा जन्मलेल्यांची पोरं आता शाळेत जातात. ती कव्हरसोबतची केबलही तसलीच, नुसती चार्ज करते, फाईल जातच नाही. हे कळायला मला एक अख्खा रविवार लागला.

आता खरं सांगते. पणजीच्या दुकानात मी बॅटरीचं विचारलं, पावसात भिजला तर चालेल का ते विचारलं, कव्हर निळं घ्यावं की करडं यावर वीस मिनिटं घालवली. ‘एक मराठी पान उघडून दाखव रे बाबा’ हे काही तोंडातून निघालं नाही. फाईल मोबाइलमध्येच होती. चौदा हजार मोजून, निळ्या कव्हरवर हात फिरवत कदंब बसमध्ये बसून घरी आले.

सध्या जावेचा रीडर माझ्याकडे आहे. तिनं रविवारी परत मागितलाय. बघू.

माझा सासऱ्यांनी बळकावलाय. पोर्तुगीज शाळेत शिकलेले ते. त्यांच्या पोर्तुगीज फाईली लोण्यासारख्या उघडतात. अक्षरांवरच्या लाटा, सी-खालची शेपटी, सगळं जागच्या जागी. आज सकाळी चष्मा पुसत मला म्हणतात, ‘बरो आसा गो हो, अक्षरां कितलीं नितळ!’