विरजण आणि सर्व्हर

परवा रात्री साडेदहाला क्लायंटचा फोन. दुकानाच्या साइटवरून ऑर्डरचे मेल जात नाहीत. सर्व्हर व्हर्च्युअल, भाड्याचा. आत शिरलो तर एकच पालुपद : ‘टेम्पररी फेल्युअर इन नेम रिझोल्यूशन’, म्हणजे नावावरून नंबर सापडत नाही, तात्पुरतं. आमच्या गल्लीतला खड्डाही टेम्पररीच आहे.

८.८.८.८ला, म्हणजे गूगलच्या नावं शोधून देणाऱ्या सर्व्हरला, पिंग करून हाक मारली तर धडाधड उत्तरं. नाव घेतलं की मात्र ओळखच नाही. नावं कोणाला विचारायची ते लिहिलेली फाइल, रिझॉल्व्ह डॉट कॉन्फ, उघडली. वरच लिहिलं होतं, ही फाइल बदलू नका. ‘येथे थुंकू नये’ला आपण जेवढा मान देतो तेवढा दिला आणि नेमसर्व्हर ८.८.८.८ ठोकून दिलं. चाललं! क्लायंटला ‘झालं’ कळवलं आणि कुठून बुद्धी झाली, सर्व्हर रीबूट केला. माझी ओळ गायब, तिच्या जागी पुन्हा १२७.०.०.५३.

तेवढ्यात समोरच्या काकू वाटी घेऊन हजर. विरजण हवं होतं. काकू टेलिफोनमधून रिटायर झालेल्या, आयुष्य १९७वर गेलेलं. नाव सांगा, नंबर घ्या. विरजण राहिलं बाजूला, त्या माझ्या शेजारी खुर्ची ओढून बसल्या.

“हा १२७ कोण?”

“सर्व्हर स्वतःच, काकू.”

“म्हणजे नाव माहीत नाही म्हणून हा स्वतःलाच विचारतो?”

“तसं नाही हो. आत एक चौकशीची खिडकी असते. ती पुढे मोठ्या सर्व्हरला विचारते.”

“पुढे कोणाला विचारायचं, ते त्या खिडकीला कोणी सांगितलंय का?”

मी गप्प. काकू मात्र सुटल्या. “एकदा एकाने दादरच्या कुलकर्ण्यांचा नंबर मागितला. म्हटलं, कुठले कुलकर्णी? तर म्हणे, ते गोरे. म्हटलं, अहो, गोरे की कुलकर्णी? तर म्हणे, रंगाने हो!”

त्यांना थांबवायला म्हणून मी शहाणपण पाजळलं. १९८३च्या आधी अख्ख्या नेटवर्कची नावं एकाच फाइलीत असायची. फाइल कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये. नवं नाव घालायचं तर ऑफिसच्या वेळात फोन करायचा.

“फोन कोण घ्यायचं?”

“एलिझाबेथ फाइनलर म्हणून बाई होत्या, त्यांचं ऑफिस.”

“बघ,” काकू म्हणाल्या. त्या ‘बघ’मध्ये माझ्या डिग्रीचा, पगाराचा आणि चष्म्याच्या नंबराचा हिशेब होता.

मग टीटीएल समजावलं. जुनं उत्तर किती वेळ खरं धरायचं त्याची मुदत. आमच्याकडे ८६,४०० सेकंद, म्हणजे एक दिवस. व्हीटीचं सीएसटी १९९६ला झालं, २०१७ला त्यात ‘महाराज’ आलं, तरी टॅक्सीवाला अजून व्हीटीच म्हणतो. त्याची मुदत संपतच नाही, असं म्हटलं. यावर काकू, “एल्फिन्स्टनला माझी बहीण राहते, तिच्याकडचे टॅक्सीवाले तर भलतेच.” त्या स्टेशनचं प्रभादेवी होऊनही २०१८पासून किती वर्षं लोटली, हे मी बोललो नाही.

शेवटी नेटप्लॅनची, म्हणजे सर्व्हरचं नेटवर्क ठरवणारी, फाइल उघडली. गेल्या आठवड्यात सर्व्हरचा आयपी, म्हणजे त्याचा नेटवरचा नंबर, पक्का करताना नेमसर्व्हरची ओळच मी खाल्ली होती. खिडकी उघडी, पण पुढचा पत्ता कोरा. म्हणजे काकूंचंच खरं. ओळ घातली, टॅब मारला म्हणून फाइल रुसली, टॅब काढून स्पेस मोजून दिल्या. सव्वाबाराला मेल सुटले. काकू विरजण घेऊन गेल्या. वाटी माझीच नेली.

सकाळी बिल पाठवलं, तर क्लायंट म्हणतो, “अहो, एकच ओळ तर लिहिलीत!” प्लंबरला कोणी विचारतं का, वायसर केवढ्याचा? दोन तास डोकं फोडल्याचे पैसे मागितले की आम्ही लुटारू. अजून दिलेले नाहीत.

आज सोसायटीचे सेक्रेटरी जिन्यात भेटले. गेटवरचा कॅमेरा बंद पडलाय म्हणाले. मी लॅपटॉपची बॅग सावरून उभा राहिलो.

“काकू आहेत ना घरी?” त्यांनी विचारलं, आणि समोरची बेल वाजवली.