पळी कोणाच्या हातात?

आमच्या चर्चच्या मंडळीने दर शनिवारी अन्नवाटप सुरू करायचं ठरवलं तेव्हा सगळ्यात आधी काय आणलं असेल? रजिस्टर. नाव, पत्ता, घरात माणसं किती आणि शेवटचा रकाना, ‘मदतीचं कारण’. दुसऱ्याच आठवड्यात एक आजोबा त्या रकान्याशी अडले. मागे रांग. त्यांनी पेनाला टोपण लावलं, पेन टेबलावर सरळ ठेवलं आणि निघून गेले. पिशवी तिथेच राहिली. टेबलामागे मी बसले होते.

रकाना आम्ही काढून टाकला. आजोबा काही परत आले नाहीत.

वाटपाचा विषय निघाला की आमच्याकडे बायबलमधल्या ‘प्रेषितांची कृत्ये’ या पुस्तकाचा दुसरा अध्याय वाचतात, पहिल्या ख्रिस्ती मंडळीचा. सगळं सामाईक, ज्याला जशी गरज तसं वाटून घ्यायचं. मला सहावा अध्याय जास्त जवळचा, कारण त्यात भांडण आहे. तेही रोजच्या वाटपावरून! ग्रीक बोलणाऱ्यांची तक्रार होती की आमच्या विधवांना वगळलं जातंय. प्रेषितांनी, म्हणजे येशूच्या शिष्यांनी, त्यांना गप्प बसवलं नाही, या कामासाठी सात माणसं निवडायला सांगितली. ती नावं एकदा सावकाश वाचा. स्तेफन, फिलिप्प, निकानोर, तीमोन... सातही ग्रीक. ज्यांच्या ताटात कमी पडत होतं, त्यांच्याच माणसांच्या हातात पळी दिली, असा मी तरी याचा अर्थ लावते.

आम्ही मात्र उलट केलं. वाढणारे सगळे आम्ही, घेणारे सगळे ते.

आता हे फार लांबचं वाटेल, पण याच मुद्द्याचं आहे. फूड बँक म्हणून आज जगभर जे चालतं, त्याची सुरुवात अमेरिकेत फीनिक्सला 1967 साली झाली. जॉन व्हॅन हेंगल नावाचा चर्चचा स्वयंसेवक. सेंट मेरीज चर्चने त्याला एक रिकामी इमारत आणि तीन हजार डॉलर दिले. पण कल्पना कोणाची? दुकानामागच्या कचऱ्यातून मुलांसाठी खाणं वेचणाऱ्या एका आईची. पैशांची बँक असते तशी टाकून दिल्या जाणाऱ्या अन्नाची का नसावी, हे त्या बाईने त्याला सुचवलं. त्याचं मोठेपण हे की त्याने ते ऐकलं.

मंडळीकडे देण्यासारखं काय असतं, यावर आमच्या बैठकीत फक्त पैशांची चर्चा झाली. अहो, आठवड्यातले सहा दिवस हॉल रिकामा असतो! मोठी पातेली माळ्यावर पडून असतात. आणि कोण तीन रविवार दिसलं नाही, कोणाची नोकरी गेली, हे उपासनेनंतरच्या गप्पांत सगळ्यांना कळलेलं असतं. एवढी माहिती कुठल्या सरकारी कचेरीकडे असते?

वस्तूंचं म्हणाल तर लोक कपाट रिकामं करतात. मुदत संपलेले डबे वेगळे काढण्यात माझे दोन शनिवार गेले. ज्याच्या घरी गॅस नाही त्याला कोरडा शिधा दिला, हीही आमचीच चूक. त्यापेक्षा रोख द्या, घाऊक घेऊ आणि ज्यांना हवं त्यांना शिजवलेलं देऊ.

‘आधी आपली माणसं बघा’ हे वाक्यही दर बैठकीत येतंच. सन 251 मध्ये रोमचा बिशप कर्नेल्य आपल्या मंडळीच्या आधाराने जगणाऱ्या विधवा आणि गरजूंचा आकडा पत्रात लिहितो, दीड हजारांच्या वर. पुढे शंभरेक वर्षांनी रोमन सम्राट ज्युलियन, ख्रिस्ती लोकांचा विरोधक, वैतागून म्हणतो की हे लोक आपल्या गरिबांबरोबर आमच्याही गरिबांना पोसतात. विरोधकाची ही तक्रार मला शंभर प्रवचनांपेक्षा मोलाची वाटते. जेवणाआधी संदेश ऐकायलाच हवा, असं म्हणणाऱ्यांशी माझं जमत नाही ते यामुळेच. भुकेल्याला बसवून ऐकवणं ही सेवा नाही, सक्ती आहे. वाईट वाटलं तर वाटू दे.

गेल्या महिन्यापासून रांगेतल्या दोन बायका आमच्यासोबत वाढायला उभ्या राहतात. पहिल्याच दिवशी एकीने पातेलं दाराजवळून उचलून आत नेलं. म्हणाली, “रस्त्यावरून दिसतं. लोकांना लाज वाटते.” वर्षभर ते पातेलं दारातच होतं.

या शनिवारी भांडी घासायला दोन माणसं कमी आहेत. येणार असाल तर कमेंटमध्ये सांगा. आणि हो, फोटो काढायचे नाहीत.