'जोडीतला एक ससा गेला की दुसरा तीन दिवसांत जातोच' म्हणे! त्या मेसेजमधला एकेक मुद्दा

चार दिवसांपूर्वी रात्री साडेअकराला ताईचा फोन आला. ताई म्हणजे माझी मामेबहीण. तिच्याकडे सशांची जोडी होती, कापूस आणि भुरी. कापूसला आधी सर्दी, मग न्यूमोनिया झाला, दहा दिवस औषधं चालली आणि त्या दिवशी पहाटे तो गेला. ताई रडत होतीच, पण फोन तिने भुरीसाठी केला नव्हता, मन मोकळं करायला केला होता. भुरीचा विषय मीच काढला. तर म्हणाली, "अगं ती सकाळपासून कोपऱ्यात बसलीय, काही खात नाहीये, पण ते नॉर्मल असतं, मला एक मेसेज आलाय त्यात सगळं लिहिलंय." मी विचारलं लेंड्या किती टाकल्या? फोनवर एकदम शांतता. मग मोबाईलचा टॉर्च घेऊन बघून आली आणि म्हणाली, सात. दिवसभरात सात! आणि एरवी वाटाण्याएवढ्या असतात त्या मिरीच्या दाण्याएवढ्या, सुकलेल्या.

माझं डोकं फिरलं ते तिथे. ताईवर नाही, त्या मेसेजवर. तो मी नंतर मागवून घेतला आणि वाचला, आणि तेव्हापासून अजून दोघांकडून तोच मेसेज आलाय, म्हणजे जोरात फिरतोय. थोडक्यात त्यात असं आहे: जोडीतला एक ससा गेला की दुसरा तीन दिवसांत जातोच, डॉक्टरकडे नेऊन हाल करू नका. मेलेला ससा दुसऱ्याला दाखवू नका. तो दोन-तीन दिवस उपास करतो, तो त्याचा शोक आहे, जबरदस्तीने भरवू नका. आजार लागू नये म्हणून आंघोळ घाला आणि लहान मुलांचं अँटिबायोटिक सिरप चार थेंब द्या. त्याच संध्याकाळी नवा ससा आणून त्याच पिंजऱ्यात सोडा, म्हणजे त्याला कळणारही नाही. जवळ आरसा किंवा टेडी ठेवा. आणि खाली हात जोडलेले.

उपासाच्या मुद्द्यापासून सुरू करते कारण भुरीचा जीव त्यानेच गेला असता.

सशाचं आतडं हे सतत चालू राहायला लागतं. दिवसभर थोडं थोडं गवत जातंय, मागून लेंड्या पडतायत, हे चक्र थांबलं की पोटातलं सुकायला लागतं, गॅस धरतो, गॅसने दुखतं, दुखतं म्हणून तो अजून खात नाही, आणि हे एकात एक अडकत जातं. याला जीआय स्टॅसिस म्हणतात. ससा उलटीही करू शकत नाही, म्हणजे पोटात जे अडकलं ते वर यायचा रस्ताच नाही. साधारण दहा-बारा तास सशाने काहीच खाल्लं नाही तर ती इमर्जन्सी असते. दोन-तीन दिवस म्हणजे अठ्ठेचाळीस, साठ, बाहत्तर तास! त्यातून ससा अंगाने जाड असेल तर उपाशी पोटी चरबी लिव्हरमध्ये जमून लिव्हरच बंद पडायला लागतं. माणूस दुःखात दोन दिवस जेवला नाही तर अशक्तपणा येईल, कुणीतरी बळंच दोन घास भरवेल, विषय संपला. सशाचं तसं नाही. जो कुणी हे लिहून बसला त्याने माणसाचं सुतक सशाला लावलंय.

आणि शोक आहे हे मी नाकारत नाहीये. आहे. बॉन्डेड, म्हणजे एकमेकांशी घट्ट जुळलेल्या जोडीतला एक गेल्यावर मागे राहिलेला सुस्त होतो, लपून बसतो, कधी उलट घरभर शोधत फिरतो, खाणं कमी करतो, हे ज्यांनी ससे पाळलेत त्यांना माहितीये. म्हणूनच तो मेसेज पटकन खरा वाटतो. पण माझा मुद्दा वेगळाच आहे. बाहेरून बघून शोक आणि आजार वेगळे ओळखता येत नाहीत. दोन्हीत ससा कोपऱ्यात बसतो, दोन्हीत खात नाही. ससा हा शिकार होणारा प्राणी, दुखणं लपवणं त्याच्या रक्तातच आहे. आणि जोडीदार जर आजारानेच गेला असेल, तर दोघं एकाच ताटलीत खात होते, एकमेकांचे कान-डोळे चाटत होते, शी-शूच्या एकाच लिटर ट्रेमध्ये बसत होते, मग तोच आजार याच्यात नाही कशावरून? "दुःखात आहे बिचारी" असं म्हटलं की आपण तपासणं थांबवतो, आणि तिथेच घात होतो.

ताईला मी तेव्हा फोनवर एवढंच सांगितलं की तिचे कान हाताने बघ, गार आहेत का, पोट हलकेच चाचपून बघ कडक लागतंय का, दात करकर वाजवतेय का. कान गार, दात वाजतायत. मग रात्रीच व्हेटकडे, म्हणजे प्राण्यांच्या डॉक्टरकडे नेलं (सशांचं कळणारा व्हेट रात्री उघडा मिळणं हा वेगळाच विषय आहे, नंबर आधीच शोधून ठेवा). तिथे स्टॅसिस सुरू झालेलाच निघाला, आणि छातीला स्टेथोस्कोप लावल्यावर श्वासातही हलकी घरघर. म्हणजे कापूसचा जो संसर्ग होता तो हिच्यातही आला होता. सलाईन, दुखणं कमी करायचं औषध, अँटिबायोटिक, आणि पोट फुगून बंद झालेलं नाहीये हे बघून मग सिरिंजने भरवायला सांगितलं. हे शेवटचं नीट वाचा. पोट ढोलासारखं कडक फुगलं असेल तर घरी स्वतःच्या मनाने सिरिंजने भरवू नका, आत अडथळा असेल तर जिवावर बेतेल. आधी व्हेट.

आता ते सिरप. हा मुद्दा वाचून माझ्या अंगावर काटा आला, कारण मेसेज लिहिणाऱ्याने सहज चार शब्दांत लिहून टाकलंय आणि ते सशाला मारायला पुरेसं आहे. लहान मुलांच्या अँटिबायोटिक सिरपमध्ये खूपदा अमॉक्सिसिलीन असतं, म्हणजे पेनिसिलीनच्या घरातलं. ते सशाच्या तोंडात गेलं की आतड्यातले चांगले जंतू मरतात, त्यांच्या जागी क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू माजतात, ते विष सोडतात, जुलाब लागतात आणि ससा जातो. क्लिंडामायसिन, लिंकोमायसिनचंही तेच. ही काही कुणाची ऐकीव गोष्ट नाही, सशांवर उपचार करणाऱ्या कुठल्याही व्हेटला विचारा, पहिल्या वर्गातला धडा आहे. सशाला चालणारी अँटिबायोटिक्स वेगळी असतात आणि ती वजनावर मोजून देतात. कापूसच्या औषधाची बाटली अर्धी उरली होती ना, ती सुद्धा भुरीला मनाने द्यायची नाही, व्हेटने सांगितलं तरच, तेवढीच.

आंघोळीचं दोन ओळीत संपवते. सशाला आंघोळ घालत नाहीत. दाट लव लवकर वाळत नाही, अंग गार पडतं, आणि घाबरून मागचे पाय झाडले तर पाठीचा कणा मोडू शकतो, त्या पायात तेवढी ताकद असते. आधीच खात नसलेल्या सशाला पाण्यात बुडवणं म्हणजे काय करतोय आपण? धुवायचं असेल तर पिंजरा धुवा, ट्रे धुवा, चादरी धुवा.

धुण्यावरून आठवलं, इथे जोडीदार कशाने गेला हे कळणं फार महत्त्वाचं आहे आणि त्याबद्दल मेसेजमध्ये अवाक्षर नाही. मादीला गर्भाशयाचा कॅन्सर झाला असेल (नसबंदी न केलेल्या वयस्क माद्यांमध्ये हा खूप दिसतो) तर तो दुसऱ्याला लागत नाही. पण रॅबिट हॅमरेजिक डिसीज असेल तर? त्याचा विषाणू १९८४ ला चीनमध्ये पहिल्यांदा दिसला, त्याचा दुसरा प्रकार २०१० ला फ्रान्समध्ये, आणि तो सुकलेल्या कापडावर तीन महिन्यांहून जास्त टिकतो. ससा काही लक्षण न दाखवता अचानक जातो, कधी नाकातून रक्त. माणसाला होत नाही, पण आपल्या कपड्या-चपलांवरून दुसऱ्या सशापर्यंत पोचतो. ई. क्युनिक्युली नावाचा परजीवी असेल, ज्यात मान वाकडी होते, मागचे पाय लुळे पडतात, तर त्याचे बीजाणू लघवीतून पसरतात. प्रत्येकाला तपासणी वेगळी, औषध वेगळं, सफाई वेगळी. म्हणून कारण कळलं नसेल तर व्हेटला पोस्टमॉर्टमबद्दल विचारा, जड जातं ते, मला कळतं. तोपर्यंत शव गार ठेवायचं पण फ्रीझरमध्ये गोठवायचं नाही, गोठवलं की तपासणी नीट होत नाही.

पण लगेच उचलून न्यायचं का, मागे राहिलेल्याला न दाखवता? मेसेज म्हणतो दाखवू नका, धक्का बसेल. अगदी उलट. हाउस रॅबिट सोसायटी ही अमेरिकेतली संस्था १९८८ पासून फक्त घरात पाळलेल्या सशांसाठी काम करते, हजारो जोड्या त्यांच्या हाताखालून गेल्या असतील, आणि त्यांचं म्हणणं स्पष्ट आहे की मागे राहिलेल्याला शवाजवळ थोडा वेळ द्या. एक-दोन तास, काहींना त्याहून जास्त. कुणी हुंगतो, कुणी चाटतो, कुणी नाकाने ढकलून उठवायला बघतो, कुणी अंगावर चढतो, कुणी बघतही नाही, सगळं चालतं. एकदा कळलं की मग शोधणं कमी होतं. नाहीतर जोडीदार व्हेटकडे जातो आणि परत येतच नाही, आणि हा दाराकडे तोंड करून बसतो.

माझ्याकडे सहा वर्षांपूर्वी हेच झालं होतं. नर गेला तेव्हा मी मादीला त्याच्याजवळ सोडलं. तिने आधी त्याच्या कपाळावर हनुवटी टेकवली, म्हणजे 'मला चाट' म्हणून सांगतात तशी. तो चाटेना. ती तशीच थांबली. मग तिने त्याचे दोन्ही कान आतून-बाहेरून पूर्ण चाटले, खाली घातलेला टॉवेल दातात धरून थोडा ओढला आणि त्याच्याशेजारी अंग पसरून आडवी झाली. तासाभराने स्वतः उठली, गवताकडे गेली आणि दोन काड्या खाल्ल्या. ती त्यानंतर चार वर्षं जगली. तीन दिवस नाही, चार वर्षं. तेव्हा "जातोच" हा जो पहिला मुद्दा आहे त्याचं उत्तर हेच. जे तीन दिवसांत जातात त्यातले बरेच उपाशी ठेवल्यामुळे किंवा न तपासलेल्या त्याच आजाराने जातात, आणि मग लोक म्हणतात बघा, विरह सहन झाला नाही. संसर्गाचा आजार होता तर शव दाखवायचं का, असं ताईने विचारलं. एकाच पिंजऱ्यात दहा दिवस होते, संपर्क यायचा तो आलेलाच आहे. तरी शंका असेल तर व्हेटला एक फोन.

त्याच संध्याकाळी नवा ससा, याबद्दल आता. यात अर्धं खरं आहे ते मान्य करते. ससा कळपाचा प्राणी आहे, एकटा कायम ठेवू नये, आणि पुढे जाऊन नवा जोडीदार मिळाला तर बहुतेक ससे परत खुलतात. काही जण तर काही आठवड्यांतच तयार असतात, उगाच वर्षभर थांबायची गरज नसते. पण त्याच संध्याकाळी? त्याच पिंजऱ्यात? सशासाठी पिंजरा म्हणजे त्याचं राज्य असतं. अनोळखी ससा आत टाकलात तर रात्रीत कान फाटलेले, पोटाला जखमा झालेल्या दिसतील, मी अतिशयोक्ती करत नाहीये. दोघांची नसबंदी झालेली हवी, नराची झाल्यावरही चार ते सहा आठवडे जायला लागतात, आधी शेजारी शेजारी वेगळ्या पिंजऱ्यात, मग दोघांनाही नवीन अशा जागेत थोडा थोडा वेळ, नजरेसमोर. कधी दोन आठवडे, कधी तीन महिने. आणि पहिला आजाराने गेलाय तर मागे राहिलेला तपासून 'हा बरा आहे' असं कळल्याशिवाय नवीन निरोगी ससा आणायचा म्हणजे त्यालाही त्यात ढकलायचं. "त्याला कळणारही नाही" हे वाक्य तर मला सगळ्यात जास्त लागलं. वासावर जगणारा प्राणी आहे तो.

गिनिपिग आणून द्या असंही कुणीतरी खाली जोडलंय. नको. सशात निरुपद्रवी असलेला एक जंतू गिनिपिगला न्यूमोनिया देतो, दोघांचं खाणं वेगळं, आणि सशाची एक लाथ त्याला भारी पडते.

टेडी आणि आरसा, बरं, ठेवा. काही ससे मऊ टेडीला टेकून झोपतात, नुकसान काही नाही. फक्त कुरतडून टेडीच्या आतला कापूस गिळत नाहीये ना बघा, डोळ्यांची बटणं काढून टाका. त्यापेक्षा तुम्ही स्वतः जमिनीवर जाऊन बसलात तर जास्त उपयोग. उचलून घ्यायचं नाही, नुसतं शेजारी बसायचं. खाण्याच्या, फिरायच्या वेळा होत्या तशाच ठेवायच्या. जोडीदाराची चादर, संसर्गाचा आजार नसेल तर, काही दिवस राहू द्यायची. भुरीच्या बाबतीत मात्र ती काढावी लागली.

आज चौथा दिवस. ताई रोज सकाळी भुरीला टोपलीत बसवून वजन काट्यावर ठेवते आणि मला फोटो पाठवते. पहिल्या दिवशी १ किलो ८४० ग्रॅम, दुसऱ्या दिवशी १ किलो ७९०, काल तेवढंच, आज १ किलो ८०५. सिरिंजचं खाणं चार वेळांवरून दोनवर आलंय. लेंड्या मोजायची आता गरज नाही इतक्या आहेत, आकारही वाटाण्याच्या जवळ आलाय. रात्री अजून ती कापूस बसायचा त्या कोपऱ्यात जाऊन हुंगते आणि तिथेच झोपते. ताई विचारत होती तिथून हलवू का. मी म्हटलं राहू दे, फक्त गवताचा ढीग त्या कोपऱ्यात सरकव, तोंडाजवळ.