‘वेळ तुमची’ म्हणजे रात्रीचे अडीच

काल सिडकोतल्या मामेबहिणीने एक मेसेज पुढे ढकलला आणि खाली विचारलं, “ताई, भरू का साडेतीन हजार?” मेसेज असा : घरबसल्या मेडिकल ट्रान्स्क्रिप्शन, फक्त टायपिंग हवं, अमेरिकन हॉस्पिटलचं थेट काम, वेळ तुमची, महिना ४० हजार, रजिस्ट्रेशन साडेतीन हजार. नाशिकच्या निम्म्या महिला ग्रुपांवर हाच फिरतोय. हे काम, म्हणजे डॉक्टरांचं रेकॉर्ड केलेलं बोलणं (डिक्टेशन) ऐकून रुग्णाची नोंद टाईप करणं, मी इंदिरानगरच्या घरातून चार वर्षं केलंय.

आधी ४० हजार. पैसे ओळीवर मिळतात आणि ओळ म्हणजे बहुतेक ठिकाणी स्पेस धरून ६५ अक्षरं. मला मिळायचे ओळीला ८० पैसे. म्हणजे ४० हजारांना ५० हजार ओळी. पंचवीस दिवस धरले तर रोज २,०००. दोन वर्षांच्या सवयीनंतर माझ्या तासाला सव्वाशे-दीडशे व्हायच्या, तेही डॉक्टर तोंडात घास ठेवून बोलत नसेल तर. नवीन मुलीच्या पन्नास झाल्या तरी डोक्यावरून पाणी. पुढे मशीनच टाईप करायला लागलं, आम्ही ऐकून दुरुस्त करायचं आणि दर निम्मा. चुका शोधायला वेळ मात्र तेवढाच.

आता ‘वेळ तुमची’. हे वाचून मला खरंच हसू आलं. आपण न्यूयॉर्कच्या उन्हाळ्यात साडेनऊ तास पुढे, हिवाळ्यात साडेदहा. तिथे संध्याकाळी पाचला डिक्टेशन, इथे रात्रीचे अडीच. फाइल येईपर्यंत लॉगिन करून बसायचं, त्या बसण्याचा छदाम नाही. फाइल आली की ठरलेल्या तासांत परत. वीज गेली तर इन्व्हर्टर आपला, नेट आपलं, हेडफोन आपले, रेकॉर्डिंग थांबवायचं-चालवायचं पायातलं पेडलसुद्धा आपलं. आणि उशीर झाला की कपात.

‘फक्त टायपिंग’? इलियम म्हणजे आतड्याचा भाग, आणि इलियम म्हणजे कमरेचं हाडही. उच्चार एकच, इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका अक्षराचा फरक. ओळखा बरं.

‘थेट काम’ म्हणणाऱ्यांनी २००३ चं प्रकरण आठवावं. कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्कोतल्या वैद्यकीय केंद्राचं टायपिंग ठेकेदाराकडून पोटठेकेदाराकडे, तिथून आणखी एकाकडे, असं कराचीतल्या एका बाईपर्यंत पोहोचलं. तिचे पैसे थकले. रुग्णांच्या नोंदी इंटरनेटवर टाकीन, अशी धमकी तिने दिली, तेव्हा कुठे हॉस्पिटलला कळलं की कागद कुठे गेलेत. धमकी चूकच. पण एवढ्या हातांनी आपापला वाटा काढल्यावर शेवटच्या बाईला काय उरत असेल?

एक मान्य करते. काम खोटं नाही, घरून होतं, आणि माझ्या मुलाची दोन वर्षांची फी त्यातूनच गेली. पण मी शिकण्याची फी भरली होती, काम मिळावं म्हणून ‘रजिस्ट्रेशन’ नाही.

बहिणीला लिहिलं, भरू नकोस. तिचं उत्तर : “पण ते म्हणतात आज शेवटची तारीख.” मार्चमध्ये शेजारणीला आला, त्या मेसेजमध्येही आजच शेवटची तारीख होती.