वाजवी आकाराची पाटी

वकिलीची सनद हातात आली? अभिनंदन! सॉलिसिटर वगैरे प्रकार मुंबईचे, आपल्या पुण्यात सगळेच वकीलसाहेब. तेव्हा १९६१ चा अधिवक्ता कायदा आणि बार कौन्सिलचे, म्हणजे वकिलांवर नियंत्रण ठेवणाऱ्या संस्थेचे, नियम एकदा वाचून घ्या. म्हणजे पुढे कशाकडे दुर्लक्ष करायचं ते नेमकं कळेल.

पहिलं काम पाटीचं. नियम ३६ सांगतो की पाटी वाजवी आकाराची असावी. वाजवी म्हणजे किती फूट, हे मात्र लिहिलेलं नाही. हा नियम करणारे पुण्यात कधी राहिले नसावेत. जिथे ‘दुपारी बेल वाजवू नये’ एवढं सांगायलाही दोन फुटांची पाटी लागते, तिथे तुमची सहा फुटी पाटी वाजवीच म्हणायची. पाटीवर ‘घटस्फोट तज्ज्ञ’ लिहू नका. अमुक कामात आपण निष्णात आहोत, असं पाटीवर मिरवायला बंदी आहे. वेबसाइटवर मात्र २००८ पासून कोणत्या प्रकारची कामं करता ते लिहायची मुभा आहे. भिंतीवर असभ्य ते मोबाइलवर सभ्य, एवढं लक्षात ठेवा.

जाहिरात करायला आणि काम मागत फिरायलाही त्याच नियम ३६ ची बंदी. तेव्हा जाहिरात तर अजिबात करू नका. वाढदिवस करा. चौकात फ्लेक्स लागेल, त्यावर काळ्या कोटातला फोटो आणि खाली शुभेच्छुकांची रांग. तुम्ही काय करणार, लोकांचं प्रेम! गणेश मंडळाचे ‘कायदेशीर सल्लागार’ व्हा. दहा दिवस नाव कमानीवर झळकेल आणि वर्गणीही माफ होईल. (माफ झाली नाही तरी कमान स्वस्तच पडते.)

वकिलाच्या गळ्यातला पांढरा बँड कोर्टाबाहेर घालायचा नाही, असाही नियम आहे. पण शिवाजीनगर कोर्टातून स्कूटरवर घरी जाताना सिग्नल तुटला, तर तो काढायची घाई करू नका. हवालदारमामांनाही दुरून ओळख पटलेली बरी.

फीमध्ये टक्केवारी ठरवू नका. निकालावर फी अवलंबून ठेवणं हे गैरवर्तन आहे. भूसंपादनाच्या दाव्यात पक्षकाराला एवढंच म्हणा, ‘रक्कम हातात आली की बघू, तुम्ही काय परके आहात का!’ फी बाकी आहे म्हणून पक्षकाराची फाइल अडवता येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं २००० साली बजावलंय. तेव्हा अडवू नका. सापडत नाही म्हणा. कारकून गावाला गेलाय, कपाटाची किल्ली त्याच्याकडे आहे. दुसरा वकील करायचा तर नियम ३९ प्रमाणे तुमची संमती लागते, नाहीतर त्याला कोर्टाकडे अर्ज करावा लागतो. संमतीचं शाईपेनही त्याच कपाटात आहे.

पक्षकार चिडून ग्राहक आयोगाची धमकी देईल. ज्या शहरात ग्राहक पंचायत रुजली तिथला माणूस, देणारच. त्याला चहा पाजा आणि सर्वोच्च न्यायालयाचा १४ मे २०२४ चा निकाल दाखवा. वकिलाची सेवा ग्राहक कायद्याखाली येत नाही. मग उरतं अधिवक्ता कायद्याचं कलम ३५, म्हणजे मुंबईच्या राज्य बार कौन्सिलकडे तक्रार. तिथे वर्षात निकाल लागला नाही तर प्रकरण दिल्लीला, भारतीय बार कौन्सिलकडे जातं. मुंबईपर्यंत डेक्कन क्वीन आहे, पुढचं त्याचं तो बघेल.

ती तक्रार लिहून द्यायला त्याला वकीलच लागणार. दुसऱ्या कुणाच्या अशा पक्षकारासाठी सकाळी कोर्टाच्या फाटकापाशी, टायपिंगवाल्याच्या टेबलाजवळ रेंगाळत राहा. ‘काही काम आहे का’ असं तोंडानं विचारू मात्र नका. नियम ३६.