पन्हाळा नेमका कुणाचा? (एका प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार. सणसणीत लिहिलंत, आवडलं. पन्हाळ्यावरच्या माझ्या लेखाबद्दल तुमचा राग दोन गोष्टींवर: शिलाहार राजा दुसरा भोज याच्या गडाचं श्रेय मी आदिलशाहीला वाटून टाकलं, आणि शिवकाल चार ओळींत गुंडाळला.

दुसरं कबूल. मुद्दामच गुंडाळला. सिद्दी जौहर, शिवा काशीद, बाजीप्रभू हे आपल्याकडच्या पोरांना शाळेत जायच्या आधीच पाठ असतं. त्याआधीच्या पावणेपाचशे वर्षांबद्दल कुणी विचारत नाही, म्हणून लेख त्यांच्यावर लिहिला.

आता भोज. दुसऱ्या भोजाचा दरबार इथे होता. साताऱ्याला सापडलेला ११९१-९२चा ताम्रपट तसं सांगतो. गड त्याचा, यात वाद नाही. पण आज तुम्ही-आम्ही जे बघतो ते सगळं त्याचं कसं म्हणायचं? अंबरखान्यात, म्हणजे गडावरच्या धान्यकोठारांत, गंगा कोठीच्या छतावर चढून बघा. ठरावीक अंतरावर भोकं दिसतील. धान्य तिथून आत ओतायचे. खाली उतरलात की एकेका खणावर कमानदार छत. ही घडण विजापूरची. या एका कोठीत २५ हजार खंडी धान्य मावायचं म्हणतात. १६६० साली मार्च ते जुलै वेढा सोसायचा, तर पोटाला काही नको? म्हणजे तुमच्या आवडत्या प्रकरणालाही ही आदिलशाही कोठारं लागतातच.

तीन दरवाजाचंही तेच. तिथल्या फारसी लेखात पहिल्या इब्राहिम आदिलशहाचं नाव आहे, आणि त्याच दरवाजात चौकटीवर मराठ्यांनी कोरलेला गणपती. फारसी लेख काही मराठ्यांनी खरवडून काढला नाही. मग मी माझ्या लेखातून तो का गाळू?

एक चूक मात्र बरोबर पकडलीत. देवगिरीचा यादव राजा सिंघण याने भोजाची सत्ता मोडली, त्यावरची त्याची बिरुदावली मी ताम्रपटातली म्हणून दिली होती. ती शिलालेखातली आहे. दुरुस्त केलंय. काय बिरुद आहे पण! पन्हाळ्यावर राहणारा भोज हा साप, आणि त्याला पळवून लावणारा सिंघण म्हणजे गरुड. पन्हाळ्याला पन्नगालय, म्हणजे नागांचं घर, असंही म्हणतात. शिलालेखाच्या कवीने हा श्लेष जाणूनबुजून साधला असावा, असं मला आपलं वाटतं. पुरावा मागू नका.

गणपतीचा फोटो लेखात नव्हता, तो आज टाकतोय.