दशावताराला एफ १.२ लागत नाही

"रात्री हातात कॅमेरा धरून फोटो काढायचे तर किट लेन्स कपाटात ठेवा. एफ १.८ म्हणजे खेळणं, एफ १.२च घ्या. आकडा जितका लहान, तितका फोटो स्पष्ट. स्टॅबिलायझर असेल तर शटर १/१५ चालतं. आयएसओ ८००च्या वर कधीच नेऊ नका."

हा मेसेज कधीपासून फिरतोय, मी सोडून दिला होता. परवा भाच्याचा फोन आला, "मामा, जत्रा सुरू व्हायच्या आत हप्त्यावर एफ १.२ घेऊ का?" तो कुडाळकडे दशावतारी नाटकांचे फोटो काढतो. पगार बेताचा. तेव्हा आता गप्प बसवत नाही.

किट लेन्स, म्हणजे कॅमेऱ्याबरोबर येते ती, रात्री कमी पडते, एवढं मान्य. एफचा आकडा सांगतो लेन्सचं तोंड किती उघडतं ते; आकडा लहान, तितका उजेड जास्त. ५५ मिमीला ती एफ ५.६वर अडकते आणि एफ १.८ तिच्या जवळजवळ दहापट उजेड घेते. पण एफ १.८वरून एफ १.२ला गेलात की मिळतो फक्त सव्वादोन पट. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाची संवेदनशीलता, १६००ची ३२०० केली की बहुतेक फरक फुकटात भरून निघतो.

आणि "लहान आकडा म्हणजे स्पष्ट फोटो" हे तर साफ उलटं आहे! क्रॉप सेन्सरवर, म्हणजे लहान सेन्सरच्या कॅमेऱ्यावर, ५० मिमीची लेन्स, समोर दोन मीटरवर नट, एफ १.२. फोकसमध्ये राहतो जेमतेम आठ सेंटिमीटरचा पट्टा. मी एकदा कुणाची तरी एफ १.४ मागून घेऊन संकासुराचे, म्हणजे दशावतारातल्या राक्षसाचे, फोटो काढले होते. लाल जिभेचा धागान् धागा दिसतोय आणि बुरख्यातले डोळे धूसर. अख्खी रात्र तशीच गेली. दिग्दर्शक स्टॅन्ली क्यूब्रिकने १९७५च्या 'बॅरी लिंडन' सिनेमात मेणबत्त्यांच्या उजेडातले प्रसंग झाइसच्या ५० मिमी एफ ०.७ लेन्सवर घेतले. ती लेन्स मुळात नासासाठी बनलेली. फोकस इतका बारीक, की नटांना जागेवरून फारसं हलता येत नव्हतं. संकासुराला कोण सांगणार, हलू नकोस म्हणून?

स्टॅबिलायझर तुमचा हात सावरतो, समोरच्या नटाला नाही. १/१५ सेकंदाच्या शटरला मागचा पडदा खणखणीत येईल आणि तलवारीचा नुसता फराटा.

आयएसओ ८००ची भीती जुन्या कॅमेऱ्यांबरोबर जायला हवी होती. आयएसओ चढवून दाणेदार झालेला फोटो छापता येतो, हललेला टाकून द्यावा लागतो.

भाच्याला सांगितलंय, ५० मिमी एफ १.८ घे, तीही वापरलेली चालेल. एफ २ ते २.८, शटर १/२००, आयएसओ लागेल तेवढा. ट्यूबच्या उजेडात पट्टे आले तर १/१००वर ये आणि गिरकी संपून नट थबकतो तेव्हा बटण दाब. जागा पेटीवाल्याच्या बाजूची धर, तिथून चेहरे जवळ मिळतात.